लशीची रांग आणि गाडीचा पास

(ऑगस्ट २०२१च्या अखेरीस सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

कोणी आल्याच्या रानात भांगलत असेल, कोणी भाकरी थापत असेल. हात चालू द्या, नुसते कान इकडं असू द्या.

मागच्या वेळी मी म्हणाले होते की पुढचं बोलणं कर्जाच्या हप्त्यावर. ते आज राहू दे. गेल्या पंधरा दिवसांत तीन गटांच्या बैठकांना गेले आणि तिन्हीकडं हप्त्याची वही उघडायच्या आत लशीचं भांडण निघालं. एका गटात तर दोन जावा एकमेकींशी बोलेनात, कारण एकीला डोस मिळाला आणि दुसरीला नाही. म्हणून आज लशीवरच बोलते.

आधी माझीच एक चूक सांगते. एप्रिलमध्ये मी आमच्या आशाताईला चार बायकांच्या देखत नको ते बोलले. माझ्या सासूबाईंचं वय ६२, साखरेचा त्रास. आमच्या भागातल्या एका केंद्रावर त्या तिसऱ्यांदा गेल्या होत्या. पहाटे पाचला निघाल्या, तर रांगेत आधीच दगड आणि चपला मांडलेल्या. माणसं घरी झोपलेली आणि चपला रांगेत! साडेनऊला सिस्टर बाहेर आल्या, म्हणाल्या, आज तीसच डोस आलेत. सासूबाईंचा नंबर चौतिसावा. दारात आशाताई उभी होती, ती माझ्या तावडीत सापडली. मी म्हणाले, "तुमच्या ओळखीच्यांचीच नावं पुढं घालता ना?" ती काही बोलली नाही. पदरानं घाम पुसला आणि आत गेली.

आता एप्रिलमध्ये काय चाललं होतं ते बघा. ७ एप्रिलला आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी सांगितलं, राज्याकडं १४ लाख डोस उरलेत, ते तीन दिवस पुरतील. त्याच सुमारास साठा संपला म्हणून आपल्या सातारा जिल्ह्यात लस देणं थांबवावं लागलं. म्हणजे केंद्रावर ३० डोस आले होते ते खरंच ३० होते. ते आशाताईनं लपवले नव्हते आणि सिस्टरनंही नव्हते. खालच्या माणसाला त्या दिवशी सकाळपर्यंत माहीत नव्हतं की किती येणार. आणि गंमत बघा, कोविशील्ड बनते कुठं? हडपसरला, सिरम इन्स्टिट्यूटमध्ये. रहिमतपूरच्या स्टेशनातून पुण्याची गाडी धरली की वाटेत हडपसर लागतं. आमची एक मावशी म्हणाली, "शेजारच्या घरात पुरणपोळी आणि आमी वासावर!" ह्या रागाला मी खोटं म्हणणार नाही.

ह्या रागातला काही भाग मात्र माहिती नसल्यामुळंही होता, तो सांगते. कोविशील्डच्या एका बाटलीत १० डोस असतात. एकदा बाटली उघडली की ४ तासांत ती संपवावी लागते, नाहीतर टाकून द्यायची. दुपारी तीनला सहाच माणसं उरली असतील तर सिस्टर बाटली फोडायला कचरते, कारण उरलेले चार वाया गेले तर तिला उत्तर द्यावं लागतं. आपल्याला वाटतं, बाटली समोर दिसतेय आणि बाई देत नाही. अशा वेळी गावातल्या आणखी चौघींना फोन करून बोलवून आणा, दहा पूर्ण करा. एका वस्तीवर गटातल्या बायकांनी असंच केलं आणि दहाही डोस लागले.

मे महिना सगळ्यात वाईट गेला. १ मेपासून १८ ते ४४ वयाच्यांना लस सुरू झाली, पण आधी ऑनलाईन नाव नोंदवलं तरच. आपल्याकडं फोन कोणाच्या खिशात? धन्याच्या नाहीतर पोराच्या. कोविन तर तेव्हा मराठीत नव्हतंच, ते जूनमध्ये आलं. स्लॉट दोन-तीन मिनिटांत संपायचे. मग काय झालं, पुण्या-मुंबईची शिकलेली पोरं स्लॉट पकडून चारचाकीनं खेड्यांतल्या केंद्रांवर आली. राज्यात ठिकठिकाणी असं झालं. त्यांचंही चूक म्हणवत नाही, जीव सगळ्यांनाच प्यारा. पण केंद्राला लागून घर असलेली बाई ओट्यावर बसून बघत होती. शेवटी १२ मे रोजी राज्यानं ते १८ ते ४४ चं लसीकरणच थांबवलं आणि असलेले डोस दुसऱ्या डोसवाल्यांकडं वळवले. लगेच दुसऱ्या दिवशी केंद्रानं सांगितलं की कोविशील्डच्या दोन डोसांत आता १२ ते १६ आठवडे अंतर ठेवायचं. आधी चार, मग सहा ते आठ, मग बारा. बायका मला विचारत, "ताई, औषध बदललं का कॅलेंडर?" मला उत्तर देता यायचं नाही.

आता पासाचं. २२ एप्रिलच्या रात्रीपासून जिल्ह्याबाहेर जायला बंदी आली. बाळंतपण, मयत, आजारपण असं कारण दाखवून ऑनलाईन पास काढायचा. एसटीनं गेलात तर उतरल्यावर हातावर १४ दिवसांचा शिक्का. आमच्या एका गटातल्या काकींची लेक विट्याकडं दिलीय. विटा म्हणजे सांगली जिल्हा. लांब नाही, पण मधे जिल्ह्याची हद्द. लेकीचं दुसरं बाळंतपण, म्हणून सासरीच करायचं ठरलेलं आणि आईनं तिकडं जायचं ठरलेलं. पासाला अर्ज केला, डॉक्टरची चिठ्ठी मागितली. चिठ्ठी लेकीच्या गावात, काकी इकडं. फोनवर फोटो मागवला, तो पुसट आला. अर्ज नामंजूर. दुसऱ्यांदा केला, त्याचं उत्तर यायच्या आत नात झाली. काकींनी बाळाला पहिल्यांदा बघितलं ते पोराच्या फोनवर, आणि मला म्हणाल्या, "लसवाली गाडी हद्द ओलांडून येती, मग आईला का न्हाई जाऊ देत?" मला वाटतं ह्या सगळ्या दीड वर्षात एवढा सरळ प्रश्न कोणी विचारला नसेल. बंदीची गरज होती, एप्रिल-मेमध्ये आपल्या गावांत किती सरणं पेटली ते आपण पाहिलंय. पण बंदी करताना बाळंतिणीच्या आईचा विचार कोणी केला होता का, हे विचारायचा आपल्याला हक्क आहे.

आणि आता जे नवीन आलंय ते तर लस आणि प्रवास एकत्र बांधून आलंय. ८ ऑगस्टला मुख्यमंत्र्यांनी सांगितलं, १५ ऑगस्टपासून मुंबईची लोकल सगळ्यांना खुली, पण दोन डोस झालेले आणि त्यावर १४ दिवस उलटलेले हवेत. आपल्या भागातल्या घराघरातलं एखादं माणूस मुंबई-नवी मुंबईत आहे. कोणी माथाडी, कोणी हॉटेलात, कोणी गाळ्यावर हमाल. एका ताईंचा मुलगा २६ वर्षांचा, लॉकडाऊनमध्ये गावी आला, आता मालक बोलावतोय. त्याचा हिशोब मी बैठकीत खडूनं लिहून दाखवला. ह्या वयाच्यांना फुकट लस खऱ्या अर्थानं २१ जूनपासून मिळू लागली. त्याला पहिला डोस मिळाला २२ जूनला. ८४ दिवस धरले तर दुसरा १४ सप्टेंबरला. त्यावर १४ दिवस, म्हणजे २८ सप्टेंबर. तोपर्यंत लोकल नाही. बसनं जायचं तर रोजचे दीड-दोन तास जास्त आणि पैसे दुप्पट. आणि हे सगळं १४ तारखेला डोस मिळाला तर. १४ सप्टेंबरला काय आहे? गौरी-विसर्जन! त्या दिवशी केंद्र चालू असेल का, कोणी सांगेना.

खाजगी दवाखान्यात जा म्हणून सांगणारे आहेत. तिथं कोविशील्ड ७८० रुपयांपर्यंत. आपल्या मजुरीच्या हिशोबात ते तीन दिवस झाले. आणि ८४ दिवस तर तिथंही थांबावंच लागतं.

मी घरोघरी विचारत गेले तेव्हा एक गोष्ट मला टोचली. घरात सगळ्यात शेवटी लस कोणाला मिळाली? धन्याला आधी, कारण तो बाजारला जातो. पोराला, कारण त्याला मुंबईला जायचंय. सासऱ्यांना, वयामुळं. आणि सून? "मी कुठं जाते, मी घरातच असते." अगं, घरात असतेस म्हणजे आलेल्या-गेलेल्या सगळ्यांचा आजार तुझ्याकडंच येतो! पाणी देणारी तू, ताट उचलणारी तू. देशभरातसुद्धा पुरुषांपेक्षा बायकांना डोस कमी मिळालेत. त्यात एप्रिलमध्ये एक मेसेज फिरला की पाळीच्या आधी पाच दिवस आणि नंतर पाच दिवस लस घेऊ नये. तो खोटा होता, सरकारनं तसं सांगितलं. पाळीत लस घेता येते. अंगावर पाजणाऱ्या आईला घेता येते. गरोदर बाईलाही २ जुलैपासून परवानगी आहे, आपल्या डॉक्टरला विचारून घ्या.

आमच्या घरातल्या म्हाताऱ्या बाया प्लेगाच्या गोष्टी सांगायच्या. गाव सोडून मळ्यात झोपड्या घालून राहायचं. तेव्हा, १८९७ साली, इंग्रजांनी साथरोगाचा कायदा केला. रेल्वेच्या स्टेशनांवर माणसं उतरवून तपासत. लोक चिडले होते, आणि त्यांच्या चिडण्याला कारण होतं. ह्या आपल्याच जिल्ह्यातल्या नायगावच्या सावित्रीबाई फुले तेव्हा पुण्यात होत्या. मुलाच्या, डॉक्टर यशवंतरावांच्या दवाखान्यात त्या रोगी आणत, आणि त्यातच १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. तो दवाखाना हडपसरजवळच्या माळावर होता. आज लस बनते तेच हडपसर. मला हे आठवलं ते आशाताईमुळं.

कारण त्या आशाताईचं पुढं असं झालं. १५ जूनला राज्यातल्या सुमारे ७० हजार आशांनी संप केला. दिवसभर घरोघरी ताप बघायचा, ऑक्सिजन मोजायचा, पॉझिटिव्हच्या घरात जायचं, आणि हातात मिळणार थोडकं. २३ जूनला संप मिटला. महिन्याला १००० रुपये वाढ आणि ५०० रुपये कोविड भत्ता, एवढं मिळालं. आमची आशाताई त्यानंतर माझ्याकडं आली होती. राग घेऊन नाही, गटाचं कर्ज विचारायला. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "ताई, तुम्ही एकट्याच बोलला न्हाई, त्या दिवशी अकराजणी बोलल्या. मला यादी कुणी दाखवत न्हाई, तुमच्याआधी मला कळत न्हाई." एवढ्यावर ती थांबली.

म्हणून मला एवढंच मागायचंय. राग जिथं लागू पडेल तिथं न्यायचा, आणि मोकळ्या हातानं न्यायचा नाही, वही घेऊन न्यायचा. प्रत्येक गटानं कर्जाच्या वहीच्या मागच्या पानांवर रकाने आखायचे. नाव, पहिला डोस कधी, कोणती लस, दुसऱ्याची तारीख, आणि कोणाच्या फोनवर नोंद आहे तो नंबर. फोनचा रकाना विसरू नका. एका नंबरवर चार नावं नोंदवता येतात, आणि तो फोन घेऊन धनी मुंबईला गेला तर सर्टिफिकेट काढताना अडतं. दुसरा डोस पहिल्याच केंद्रावर घ्यायला हवा असं नाही, कुठंही चालतो, पण लस तीच हवी आणि नोंद त्याच नंबरवर. कागदावर नाव चुकलं असेल तर ते दुरुस्त करता येतं, तिथंही मदत करू.

ही वही घेऊन ग्रामपंचायतीत आणि आरोग्य अधिकाऱ्यांकडं जायचं. तिथं तीन गोष्टी मागायच्या. आदल्या संध्याकाळी किती डोस येणार ते फळ्यावर लिहा. टोकन माणसाला द्या, चपलेला नको. आणि पंचवीस नावं जमली की आमच्या वस्तीवर येऊन टोचा. जिथं बायका हातातल्या नावांनिशी गेल्या तिथं अधिकारी निदान खुर्ची देऊन ऐकतात, हा माझा अनुभव. प्रत्येक ठिकाणी होईलच असं मी सांगत नाही. डोसच आले नाहीत तर फळा कोराच राहणार, पण मग तो कोरा आहे हे सगळ्यांना दिसेल, आणि मग आपण तालुक्याला जाऊन विचारू.

त्या काकींच्या नातीला आता तीन महिने झालेत. जिल्ह्याबाहेर जायला आता पास लागत नाही. गौरी आणायच्या आत लेक माहेरी येणार आहे. काकींचा स्वतःचा दुसरा डोस राहिलाय, पण त्या म्हणतात, लेक येऊन गेल्यावर बघू. मी त्यांच्याशी भांडतेय. येत्या सोमवारी त्यांच्या वस्तीवर बैठक आहे, दुपारी दोनला, देवळात. आसपासच्या गटांनी आपापल्या वह्या घेऊन या, आणि आशाताईला मी बोलावलंय, तिला बसायला आपल्यात जागा ठेवा.