मांडीतली कणगी



नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत तुम्हाला ठाऊक असेल. 2010 साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटर शर्यतीत तिने कांस्यपदक मिळवलं आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य. ग्वांगझूला मैदानाच्या 25 फेऱ्या तिने 32 मिनिटांच्या आत संपवल्या. पुढे 2016 मध्ये गुवाहाटीला दक्षिण आशियाई स्पर्धेत तिने मॅरेथॉन जिंकली, 2 तास 38 मिनिटांत. अर्ध्या तासाची शर्यत आणि अडीच तासांची शर्यत यांत स्नायूंच्या आतला कारभारच निराळा असतो. आज मला तोच सांगायचा आहे.

आपण भाकरी, भात, केळी खातो. त्यांतून मिळणारी साखर स्नायूंमध्ये ग्लायकोजेन म्हणून साठते, घरातल्या कणगीतल्या दाण्यासारखी. मोठ्या माणसाच्या स्नायूंत हा साठा साधारण 400 ग्रॅम, यकृतात 100 ग्रॅमच्या आसपास. सतत जोरात पळलं, की दीड-दोन तासांत तळ दिसू लागतो. चरबी बारीक माणसाच्या अंगातही किलोंनी असते, पण ती जाळायला ऑक्सिजन जास्त लागतो आणि ऊर्जा सावकाश मिळते. म्हणून मॅरेथॉनमध्ये तिसाव्या किलोमीटरच्या पुढे भल्याभल्यांचे पाय मणामणाचे होतात. त्यांची जिद्द शाबूत असते; कणगी रिकामी झालेली असते.

स्वीडनच्या बर्गस्ट्रोम आणि हुल्टमन या शास्त्रज्ञांनी हे स्वतःच्या अंगावर करून पाहिलं. 1966 साली प्रसिद्ध झालेला त्यांचा प्रयोग मला फार आवडतो. एकाच स्थिर सायकलच्या दोन बाजूंना दोघे बसले आणि प्रत्येकाने एकाच पायाने पायडल मारलं, अगदी थकेपर्यंत. मग सुईने मांडीतला स्नायूचा कण काढून तपासला. चालवलेल्या पायातलं ग्लायकोजेन जवळपास संपलेलं, दुसऱ्या पायातलं जसंच्या तसं! शेजारचा पायसुद्धा उसनं देत नाही, मुलांनो. पुढे तीन दिवस भरपूर पिष्टमय जेवण घेतल्यावर दमलेल्या पायात दुसऱ्या पायाच्या दुपटीने साठा भरला.

रोजच्या सरावानेही फरक पडतो. पेशींतल्या ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकॉन्ड्रिया वाढतात, स्नायू चरबी अधिक वापरायला शिकतात आणि साखर जास्त वेळ पुरते.

पण आदल्या रात्री अर्धपोटी झोपलेलं, सकाळीही काही न खाल्लेलं मूल लांब पळायला उतरवणं मला मुळीच मान्य नाही. कणगी भरायला महागडी पावडर लागत नाही. आदल्या रात्री पोटभर भाकरी-डाळ, पळण्याआधी एखादं केळं, पळून आल्यावर तासाभरात पुन्हा जेवण. केळी आणि पपई तर आपल्या शहादा भागातच पिकतात. आणखी एक गोष्ट कळकळीने सांगतो: आपल्या जिल्ह्यात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं प्रमाण मोठं आहे. धावणाऱ्या प्रत्येक मुलाची तपासणी करून घ्या. त्याला भरपूर पाणी द्या आणि दम लागला, तर तिथेच थांबू द्या.

शिक्षकांना आणि पालकांना माझी हात जोडून विनंती आहे: उद्यापासून कळसाडीच्या या मैदानावर एकही मूल उपाशीपोटी पळू देऊ नका.