राजारामपुरीतलं घर
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात एका ज्येष्ठ सभासद भगिनीने केलेले भाषण)



सहलीबद्दल दोन शब्द बोला, असं सचिवसाहेबांनी सांगितलं. दोनाचे चार झाले तर सांभाळून घ्या.

कुंभार पिंपळगावहून कोल्हापूर म्हणजे रात्रभराचा प्रवास. शहागडला गोदावरी ओलांडेपर्यंत भेंड्या, पंढरपूरनंतर नुसतं घोरणं. अंबाबाईचं दर्शन झालं, रंकाळा झाला, तांबडा-पांढरा रस्सा झाला. चपलांसाठी दोन तास घासाघीस करणाऱ्यांची नावं घेत नाही.

मला बोलायचंय ते राजारामपुरीतल्या चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालयाबद्दल. आपल्या वडीलधाऱ्यांना चंद्रकांत ठाऊक ते नट म्हणून, सूर्यकांतांचे थोरले भाऊ म्हणून. पण गृहस्थ मुळात चित्रकार, बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झालेले. आपला ‘निसर्ग’ बंगला चित्रांसकट त्यांनी शासनाला देऊन टाकला. १९८७ पासून तिथं संग्रहालय आहे. ते गेले २००१ साली. म्हणजे आपलं घर लोकांचं झालेलं त्यांनी चौदा वर्षं डोळ्यांनी पाहिलं.

तैलरंग, जलरंग आहेतच; पण आपली पोरं खिळली ती पावडर शेडिंगपाशी. कोरडी पूड कागदावर घासत घासत उजेड-सावली उभी करायची. महागडं सामान काही नाही, हात मात्र तयार पाहिजे. एरवी मोबाईल न सोडणारी पोरं कागदाला नाक लावून उभी होती. आपले एक सभासद मात्र म्हणाले, “आजच्या भावानं या बंगल्याचे किती येतील हो?” हसू नका, प्रश्न सगळ्यांच्याच मनात होता.

चंद्रकांत १९४१ च्या ‘शेजारी’ चित्रपटातही होते. व्ही. शांतारामांचा. धरणाच्या कामावरून दोन जिवलग शेजाऱ्यांत फूट पडते, ती गोष्ट. परतीच्या गाडीत मी ती पोरांना सांगितली. बीड येईस्तोवर मोठ्यांचं भांडण सुरू झालंच! तळमजल्याची खोली दुकानाला भाड्यानं द्यायची की नाही?

त्या खोलीत शनिवारी मी पोरांची चित्रकला घेते, तेव्हा माझा कल उघड आहे. पण भाडं मागणारे चुकीचं बोलत नाहीत. टाकी गळते, मोटार दर उन्हाळ्यात जळते, पैसा लागतोच. खोली मात्र एकदा गेली की परत मिळत नाही, हे आपण जिन्याखालच्या जागेत अनुभवलंय.

माझं म्हणणं, देखभाल वर्गणी महिना पन्नास रुपयांनी वाढवा. पहिली पावती माझी फाडा. ठराव येत्या सर्वसाधारण सभेत आहे. विरोधात असाल तरी या. सहलीत पोरांनी काढलेली चित्रं त्याच खोलीत लावलीत, तीही बघून जा.