झाकलेलं पान

रेडिओ ऐकता ऐकता कुणी भाकरी थापत असाल, कुणी शेंगा फोडत असाल, तर हातातलं काम चालू ठेवा. आज मी पत्त्यांबद्दल बोलणार आहे. हो, पत्तेच. पण बदाम सात नाही, झब्बू नाही, आणि तीन पत्ती तर नाहीच नाही. आमच्या बचत गटातल्या बायकांनी आणि मी मिळून एक नवा डाव तयार केला, त्याची ही गोष्ट आहे.

मी समन्वयक म्हणून गावोगाव गटांच्या बैठका घेते. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड, हिशोब चोख, ही पंचसूत्री तुम्हाला पाठ आहे. मलाही आहे. पण कर्जाचं प्रशिक्षण म्हटलं की मी तक्ता लावायचा, बायकांनी माना डोलवायच्या, आणि पुढच्या महिन्यात सगळं जिथल्या तिथं. एकदा उन्हाळ्यात बैठक चालू असताना बाजूच्या ओट्यावर पोरं ‘व्यापार’ खेळत होती. भाडं देता का घर विकता, असा कडाक्याचा वाद चालला होता. माझ्या बैठकीतल्या निम्म्या बायका माझ्याकडे पाठ करून तोच वाद ऐकत होत्या! म्हटलं, आपणही असंच काही करून बघू.

त्या ‘व्यापार’चं मूळ कुठलं, ते मी नंतर वाचलं. अमेरिकेत लिझी मॅगी नावाच्या बाईंनी जमीनदाराचा खेळ तयार केला आणि १९०४ साली त्याचं पेटंट घेतलं. जमीन एकाच्या हातात गेली की भाडं भरणारे कसे कंगाल होतात, हे त्यांना दाखवायचं होतं. त्यांनी नियमही दोन तऱ्हांचे केले होते. एका तऱ्हेत एकटा सगळं गिळतो, दुसरीत कमाई सगळ्यांच्या वाट्याला येते. पुढं १९३५ साली एका कंपनीनं त्यावरूनच निघालेला खेळ मोनोपॉली म्हणून बाजारात आणला. बाईंना पेटंटचे पाचशे डॉलर मिळाले, आणि जगानं उचलली ती एकट्यानं गिळायची तऱ्हा. हे मला पुढं फार उपयोगी पडलं, कसं ते सांगते.

आमचा डाव असा. पाचजणी बसतात. जून ते मे असे बारा महिने, म्हणजे बारा फेऱ्या. पैसे म्हणजे चिंचोके, सुरुवातीला प्रत्येकीला दहा. मध्ये एक वाटी, तो आपला गट. दर महिन्याला प्रत्येकीनं त्यात एक चिंचोका टाकायचा. मग ऋतूचं एक पान उघडायचं, ते सगळ्यांना लागू. पेरणीला खर्च, सोयाबीन निघाल्यावर आवक, दिवाळीला पुन्हा खर्च. हातात चार पानं असतात, त्यातलं एक खेळायचं. शेळी घ्या, शिलाई मशीन घ्या, नाहीतर मजुरीला जा. दवाखान्याचं किंवा शाळेच्या फीचं पान आलं तर ते दाबून ठेवता येत नाही. पैसे कमी पडले तर वाटीतून कर्ज मागायचं. बाकीच्या चौघींपैकी तिघी ‘हो’ म्हणाल्या तरच मिळतं. नाहीतर कंपनीचं कर्ज आहे, ते कुणालाही न विचारता लगेच मिळतं.

पानं जुन्या लग्नपत्रिकांची केली. कोपरे दुमडायला लागले म्हणून बांगडी ठेवून गोल कापली. सावंतवाडीच्या गंजिफा गोल असतात, दशावताराच्या जोडात अशी एकशेवीस पानं असतात. आमची साठच, आणि दशावताराऐवजी शेळी आणि दवाखाना. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी आकडे ठिपक्यांनी काढले. मी खूश. पहिल्याच डावात एक काकू म्हणाल्या, “मागून गणपती दिसतोय ते दवाखान्याचं पान, मी नाही उचलणार.” प्रत्येक पत्रिका वेगळी, त्यामुळं पाठीवरून सगळी पानं ओळखू येत होती. मग एका घरी लग्नात जास्तीच्या छापलेल्या शंभर पत्रिका पडून होत्या, त्या मागून आणल्या आणि सगळं पुन्हा कापलं.

पहिल्या डावात आणखी एक चूक झाली, माझी. कुणी पान उचललं की मी लगेच समजावून सांगायची. दोन तासांत आम्ही सप्टेंबरपर्यंत पोचलो. शेवटी एक अक्का म्हणाल्या, “बाई, तू जरा गप बस, आमचं आम्ही बघतो.” तेव्हापासून मी वही घेऊन बाजूला बसते. कोण कुठं अडली, कोणता नियम दोनदा विचारला, कुठं हसल्या, एवढंच लिहिते. आणि एका वेळी एकच नियम बदलते. एकदा तीन बदलले होते, तर कशानं डाव बिघडला तेच कळेना.

दुसऱ्या डावात जिंकल्या त्या सगळ्यात काटकसरी काकू. त्यांनी कर्ज घेतलं नाही, आणि कुणी मागितलं तर दरवेळी ‘नाही’ म्हणाल्या. बाकीच्याही मग तेच करायला लागल्या. मे महिन्यात वाटीत ६० चिंचोके पडून, आणि दोघींच्या शेळ्या विकलेल्या. तेव्हा मला लिझीबाई आठवल्या. मी नियमच असा केला होता की शेजारणीला नाही म्हणणारी जिंकेल! मग बदल केला. गटाकडून दहा घेतले तर अकरा परत करायचे, आणि वर्षअखेरीला वाटीत ६५ नसतील तर कुणीच जिंकलं नाही. आता कर्ज द्यावंच लागतं, पण बुडणार नाही अशा ठिकाणी द्यावं लागतं. खरी डोकेफोड तिथून सुरू झाली.

कंपनीच्या कर्जावर मी आधी दहाचे पंधरा लावले होते. अक्कांनी घरून आपलं कार्ड आणून दाखवलं. “हे बघ. आपल्या गटाचं शेकडा दोन, म्हणजे वर्षाला चोवीस टक्के. ह्यांचंही तेवढ्याच आसपास आहे. वर फी आणि विमा. पंधरा कुठनं आणलेस?” खरं होतं ते. मला गट चांगला आणि कंपनी वाईट असं दाखवायचं होतं, म्हणून मी आकडा फुगवला होता. आता दहाचे बारा आहेत. फरक दोनच. गटाचं व्याज आपल्याच वाटीत राहतं, आणि अडचणीच्या महिन्यात गट हप्ता पुढं ढकलू शकतो. कंपनीचा ढकलता येत नाही. तिचा हप्ता राहिला तर बाकीच्यांनी भरायचा, जसं पाचजणींनी मिळून घेतलेल्या कर्जात खरंच होतं.

“नवऱ्याला विचारून येते” हे पानही बायकांनीच सुचवलं. ते आलं की त्या महिन्यात काही विकत घेता येत नाही. पहिल्यांदा निघालं तेव्हा हसून हसून पुरेवाट झाली. मग एकीनं सुचवलं की जिचं शिलाई मशीन चालू आहे तिला हे पान लागू नको. तेव्हापासून सगळ्या आधी मशीनच्या मागं असतात.

तिसऱ्या डावाला एकीचे मालक देवळात आले. सभामंडपात चिंचोक्यांचा ढीग, बायकांच्या हातात पत्ते. “गटात जुगार सुरू केला का?” म्हणून निघून गेले, आणि संध्याकाळपर्यंत गावभर झालं. दोघींना घरून बंदी आली. पुढच्या रविवारी आम्ही त्यांनाच खेळायला बसवलं. जानेवारीत त्यांचं दिवाळं निघालं. ते काही बोलले नाहीत, पण बंदी उठली.

आता जे सांगायचं आहे ते. कंपनीच्या कर्जाचं पान पालथं ठेवायचं, असा नियम होता. किती जणींकडून घेतलंय ते वर्षअखेरीपर्यंत दाखवायचं नाही. पाचव्या डावात एका ताईपुढं तीन पालथी पानं जमली. गट तिला पुन्हा कर्ज देत होता, कारण तिचे हप्ते वेळेवर येत होते. एकाचं घेऊन दुसऱ्याचं भरत होती. एप्रिलमध्ये सगळं एकदम थांबलं आणि बाकीच्या चौघींचे चिंचोके तिच्या हप्त्यात गेले. पानं उलटी केली तेव्हा कुणी हसलं नाही. ताईनं पदर सावरला आणि घरी गेली.

पुढच्या बैठकीत तिनं सांगितलं की खरोखरच तीन ठिकाणचं कर्ज आहे. रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासूनचा नियम आहे की असं कर्ज देताना घरातल्या सगळ्या कर्जांचे महिन्याचे हप्ते मिळून उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. तिचे निम्म्याच्या कितीतरी वर गेले होते. पण घरात आणखी काय देणं आहे, ते तिनं कुठंच पुरतं सांगितलं नव्हतं, आणि आम्हीही कधी विचारलं नव्हतं. एका कर्जात तिच्याबरोबर गटातल्याच दोघी होत्या. त्या फार रागावल्या. एकीनं गट सोडला, अजून परत आलेली नाही. गटानं ताईचा अंतर्गत कर्जाचा हप्ता चार महिने पुढं ढकलायचा ठराव केला आणि नवीन कर्ज द्यायचं नाही असंही लिहून घेतलं. तिचं एक कर्ज आता फिटलं आहे, दोन आहेत.

ते पालथं पान मी ठेवायला नको होतं का, हा विचार माझ्या मनातून जात नाही. ते काढून टाकू का, असं मी गटाला विचारलं. ताईच म्हणाली, “राहू दे.” पण आता डाव सुरू करायच्या आधी मी एक गोष्ट मोठ्यानं सांगते. इथं कुणालाही घरच्या कर्जाबद्दल विचारलं जाणार नाही, आणि डावात बाहेरचा साहेब बसणार नाही.

पुढच्या महिन्यात नदीपलीकडच्या गावात डाव मांडायचा आहे. त्यांच्याकडे ऊस आहे, सोयाबीन नाही. उसाचे पैसे उशिरा येतात, पेरणीचा हिशोब तिथं चालणार नाही. म्हणून ऋतूची बारा पानं नव्यानं काढायला घेतली आहेत. पत्रिका अजून चाळीस शिल्लक आहेत.