रोगाचा आरंभ आणि मूषकाची साक्ष



पुरःस्थ ग्रंथीचा, म्हणजे प्रोस्टेटचा, कर्करोग हा बहुधा उतारवयातील पुरुषांचा रोग. तो ध्यानात येतो तेव्हा त्याचा आरंभ कित्येक वर्षे मागे पडलेला असतो. ग्रंथ हाती यावा आणि त्याची पहिली पानेच गहाळ असावीत, तशी वैद्यकशास्त्राची ही अडचण होती.

उंदराला हा रोग सहसा आपणहून होत नाही. तो घडवावा लागतो. १९९५ साली अमेरिकेत ह्यूस्टन येथील बेलर वैद्यकीय महाविद्यालयातील नॉर्मन ग्रीनबर्ग व सहकाऱ्यांनी ‘ट्रॅम्प’ या नावाने ओळखली जाणारी उंदरांची जात सिद्ध केली. प्रोबेसिन नावाच्या जनुकाचा नियंत्रक भाग मुख्यतः पुरःस्थ ग्रंथीतच जागा होतो. त्याला त्यांनी एसव्ही-४० या माकडांतील विषाणूचे जनुक जोडले. या जनुकापासून बनणारे प्रथिन पेशींच्या बेबंद वाढीला आवर घालणारे पी-५३ आणि आरबी हे दोन पहारेकरी निकामी करते. अशा नर उंदरांत सुमारे १२ आठवड्यांत कर्करोगपूर्व बदल दिसू लागतात आणि पुढील काही महिन्यांत रोग लसिकाग्रंथी व फुप्फुसांपर्यंत पोहोचतो. मनुष्यदेहात वर्षानुवर्षे चालणारी कथा येथे काही महिन्यांत, पायरीपायरीने वाचता येते.

परंतु माणसाचा रोग काही या विषाणूमुळे होत नाही. म्हणून २००३ साली लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात हाँग वू व सहकाऱ्यांनी वेगळा मार्ग धरला. मानवी रोग्यांच्या गाठींतून अनेकदा नाहीसे झालेले ‘पीटेन’ हे जनुक त्यांनी उंदराच्या केवळ पुरःस्थ ग्रंथीतून काढून टाकले. तेथेही रोग उद्भवला व पसरला. पुरुषसंप्रेरक तोडल्यावर अनेक पेशी मेल्या. पण काही तगून राहिल्या आणि वाढतच गेल्या. संप्रेरक रोखण्याच्या उपचारानंतरही रोग का उलटतो, या प्रश्नाचा शोध घेण्यास त्यामुळे एक साधन मिळाले.

तरीही या साक्षीला मर्यादा आहेत. उंदराची ही ग्रंथी वेगवेगळ्या खंडांत विभागलेली असते, माणसाची तशी नसते. माणसात हा रोग प्रामुख्याने हाडांत उतरतो. उंदरात तसे क्वचितच घडते. त्यामुळे उंदराला लागू पडलेले औषध रुग्णाला लागू पडेलच, असे म्हणता येत नाही. एवढ्या मुक्या जिवांचे प्राण खर्ची पडत असताना त्यांच्या साक्षीचा अर्थ जेवढा आहे तेवढाच सांगणे, हे संशोधकाचे किमान कर्तव्य ठरते.