एका मताचा हिशेब : फेरमोजणी कधी मागावी, निकाल कधी मानावा

(चिटगुप्पा येथील स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय राजकारणाचा आहे, पण आम्ही बँकेत कारकुनी करणारे, वाणिज्य शाखेचे पदवीधर. तेव्हा हे भाषण पुढाऱ्याचे होणार नाही, हिशेबाचे होईल.

निकाल लागला की गावात दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. हरलेला म्हणतो, "मोजणीत गडबड झाली." जिंकलेला म्हणतो, "याला हार पचत नाही." दोघेही कागद दाखवीत नाहीत. मग वर्ष वर्ष एका वाड्यातली माणसे दुसऱ्या वाड्यातल्या लग्नाला जात नाहीत. आपण मराठी घरे इथे पिढ्यान् पिढ्या राहिलो, पण संख्येने थोडे आहोत. अशी फूट आपल्याला परवडणारी नाही.

अटीतटीचे निकाल आपल्याला नवे नाहीत. २००४ साली चामराजनगर जिल्ह्यातील संतेमरहळ्ळी मतदारसंघात ध्रुवनारायण यांना ४०,७५२ आणि कृष्णमूर्ती यांना ४०,७५१ मते पडली. अंतर एका मताचे! २०१८ साली शेजारच्या आळंदमध्ये बी. आर. पाटील ६९७ मतांनी हरले. २०२३ साली बंगळूरच्या जयनगरात फेरमोजणी होऊन रात्री उशिरा निकाल लागला, तो १६ मतांचा. त्याच वर्षी आपल्या हुमनाबादचा निकालही सुमारे दीड हजारांवर आला. म्हणजे दोन-तीन मोठ्या बूथांचे मतदान, एवढाच तो फरक.

अशा वेळी फेरमोजणी मागणे हा अपमान आहे काय? मुळीच नाही. बँकेत रोज संध्याकाळी रोकड मोजली जाते. रोखपाल मोजतो, मग अधिकारी मोजतो. तिजोरीला दोन चाव्या असतात आणि त्या दोघांकडे असतात. यात रोखपालाला कोणी चोर म्हणत नाही. उलट दुसऱ्याने मोजल्यामुळे त्याचेच नाव स्वच्छ राहते. फेरमोजणीने जिंकलेल्याचा विजय पक्का होतो, हे जिंकलेल्यानेही समजून घ्यावे.

पण बँकेत आणखी एक पाटी असते : खिडकी सोडण्यापूर्वी पैसे मोजून घ्यावेत. निवडणुकीचा कायदाही तेच सांगतो. १९६१ च्या निवडणूक नियमांतील ६३ व्या नियमाप्रमाणे बेरीज जाहीर झाल्यावर उमेदवाराने किंवा त्याच्या प्रतिनिधीने तिथेच लेखी अर्ज द्यायचा, कारणे लिहायची. निर्णय अधिकाऱ्याने कारणांसह लेखी द्यायचा. निकालपत्रकावर सही झाली की ती खिडकी बंद. त्यानंतर मार्ग उच्च न्यायालयाचा, तोही निकालापासून ४५ दिवसांच्या आत.

२०२४ साली मुंबई वायव्य लोकसभा मतदारसंघात काय झाले ते पाहा. यंत्रांवरील मतांत अमोल कीर्तिकर एका मताने पुढे होते. टपाली मते धरल्यावर रवींद्र वायकर ४८ मतांनी निवडून आले. नाकारलेली टपाली मते पुन्हा तपासली गेली, तरी वाद मिटला नाही. कीर्तिकर उच्च न्यायालयात गेले. त्याच वर्षी डिसेंबरात याचिका फेटाळली गेली, कारण कायद्याला लागणारा ठोस तपशील तिच्यात मांडलेला नाही, असे न्यायालयाला दिसले. संशय कितीही मोठा असो, व्हाउचर नसेल तर नोंद होत नाही.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हिशेब एकतर्फी होईल. २०२३ साली कोलार जिल्ह्यातील मालूरचा निकाल २४८ मतांनी लागला. उच्च न्यायालयाने ती निवडणूक रद्द करून फेरमोजणीचा आदेश दिला तो सप्टेंबर २०२५ मध्ये. मोजणीचे चित्रीकरण न्यायालयापुढे आलेच नाही, हे त्यातले मोठे कारण होते. पुढे सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक रद्द करण्याला स्थगिती दिली आणि फेरमोजणी होऊ दिली. अशा याचिका सहा महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा असे कायद्यात लिहिले आहे. इथे दोन वर्षांहून अधिक काळ गेला. "तक्रार असेल तर कोर्टात जा" असे म्हणणाऱ्याने हेही लक्षात ठेवावे.

मारकडवाडीचे नाव आपण ऐकले असेल. सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस मतदारसंघातले हे गाव. २०२४ च्या विधानसभेला तिथे उत्तमराव जानकर निवडून आले. तरीही आपल्या गावात एवढी कमी मते कशी, म्हणून त्यांच्याच समर्थकांनी कागदी मतपत्रिकेवर पुन्हा मतदान घ्यायचे ठरविले. प्रशासनाने जमावबंदी लावली आणि ते मतदान झाले नाही. गावकऱ्यांच्या मतदानाला कायद्याने अर्थ नव्हता हे खरे, पण शंकेला बंदी हे उत्तर नव्हे. उत्तर कागदाने द्यावे.

मग हार मानायची केव्हा? आमच्या मते, कायद्याने दिलेल्या सगळ्या खिडक्या संपल्या की त्या दिवशी. अमेरिकेत २००० साली फ्लोरिडा राज्यात ५३७ मतांवर अध्यक्षपद ठरले. न्यायालयाचा निर्णय न पटूनही अल गोर यांनी दुसऱ्याच दिवशी हार जाहीर मान्य केली. त्याच देशात २०२० ची हार न मानल्यामुळे ६ जानेवारी २०२१ रोजी संसदेवर जमाव चालून गेला. आणि आपल्याकडे १७ एप्रिल १९९९ रोजी वाजपेयींचे सरकार एका मताने पडले, तेव्हा त्यांनी राजीनामा दिला. हार मानणे म्हणजे "मी चुकलो" म्हणणे नव्हे. "पंच मला मान्य आहे" एवढेच त्यात असते.

शेवटी आपल्या कामाचे. मोजणीच्या दिवशी मोठा आवाज काढणारा नव्हे, बेरीज येणारा मुलगा प्रतिनिधी म्हणून पाठवा. मतदान संपताच १७-क नमुन्याची प्रत मागून घ्या. त्या बूथवर किती मते पडली ते त्यात असते आणि मोजणीच्या टेबलावर तोच आकडा जुळला पाहिजे. मतदार यादी मतदानाआधी पाहा. २०२३ च्या निवडणुकीपूर्वी आळंदमध्ये नावे वगळण्यासाठी ६,०१८ अर्ज आले होते, पडताळणीत त्यांपैकी २४ च खरे निघाले. यादीतून गेलेले नाव कुठलीही फेरमोजणी परत आणीत नाही.

आणि जिंकलेल्यांना एक विनंती. गुलाल जरूर उधळा, पण हरलेल्याच्या दारापुढे ताशा थांबवू नका. पाच वर्षांनी खतावणीचे पान उलटते, शेजार मात्र तोच राहतो.