भाड्याच्या इमारतींचा सांभाळ
(वार्षिक संमेलनातील भाषण)



ज्या ज्ञातिसंस्थेची मुंबईत एखादी चाळ आहे, तिला लोक श्रीमंत समजतात. गिरगाव, दादर, परळ या भागांत पूर्वजांनी वर्गणी जमवून अशा इमारती उभारल्या त्या भाड्यातून विद्यार्थ्यांस साहाय्य मिळावे म्हणून. आज कित्येक चाळींचे भाडे जिन्यातील दिव्यांच्या बिलासही पुरत नाही. याचे सारे खापर आपण भाडेनियंत्रणावर फोडतो. आमच्या मते ते अर्धेच खरे आहे.

१९४७ च्या कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीस बांधली गेली, हे खरेच. ३१ मार्च २००० पासून अमलात आलेल्या नव्या कायद्याने दरसाल ४ टक्के वाढीचा हक्क दिला. पण ४० रुपयांवर ४ टक्के म्हणजे १ रुपया ६० पैसे! तथापि गळके नळ दुरुस्त करू नका, असे कोणत्याच कायद्याने सांगितले नव्हते.

चाळ कोसळते पावसाळ्यात. तिचा क्षय मात्र मोरीपासून सुरू होतो. लाद्यांचे सांधे सुटतात, पाणी भिंतीत मुरते आणि लाकडी तुळईचे भिंतीत पुरलेले टोक कुजू लागते. ते बाहेरून दिसत नाही. संडासाच्या नळापाशी पिंपळ रुजतो. आपण फांद्या तोडतो, मुळे तशीच राहतात. जेथे लोखंड आहे तेथे सळ्या गंजून फुगतात व वरचे काँक्रीट फोडतात. मग कंत्राटदार येतो, नवा गिलावा करतो, रंग देतो, आणि व्यवस्थापक मंडळ अहवालात ‘इमारतीची दुरुस्ती केली’ असे लिहून मोकळे होते. दरम्यान कोणी पोटमाळा काढलेला असतो, कोणी गच्चीवर टाकी चढवलेली असते. तो भार कोणी मोजलेला नसतो.

जमाखर्चातही हाच प्रकार. जमलेले भाडे सारेच उत्पन्न मानून खर्चिले जाते, दुरुस्तीनिधी नावापुरता. मूळ नकाशा सापडत नाही. पावती निघते ती दिवंगत आजोबांच्या नावे, खोलीत राहतो तिसराच. थकबाकीदार आपलाच आप्त, म्हणून मागण्याचा संकोच! भिडेपोटी सोडलेला तो पैसा अखेर कोणा गरीब मुलाच्या फीमधून वजा होतो.

‘सरकार करील’ ही आणखी एक समजूत. १९६९ च्या कायद्याने शहरातील सुमारे १९,६०० जुन्या इमारती दुरुस्ती-उपकराखाली आल्या. परंतु मंडळाच्या खर्चास मर्यादा आहे, आणि रोजची निगा ते करीत नाही. भेंडीबाजारात ३१ ऑगस्ट २०१७ रोजी जुनी इमारत कोसळून ३० हून अधिक माणसे दगावली. तीस वर्षे उलटलेल्या इमारतीची अभियंत्याकडून तपासणी करून घेणे आता मुंबईत बंधनकारक आहे. शिवाय संस्थेचा न्यास नोंदलेला असेल, तर मिळकत विकण्यास धर्मादाय आयुक्तांची पूर्वसंमती लागते; विकासकाशी बोलणी करण्यापूर्वी हे पाहावे.

म्हणून मंडळापुढे आमची मागणी अशी, की या वर्षीच्या हिशेबाबरोबर प्रत्येक इमारतीची स्वतंत्र वही सभासदांस दाखवावी. कोणती खोली कोणाकडे, थकबाकी किती, कोणता नळ कधी बदलला, अभियंत्याने काय लिहिले, हे तीत असावे. आणि थकबाकीची यादी वाचताना पहिली नावे कार्यकारी मंडळाच्या नातलगांची घ्यावीत.