मुंबई–न्यूयॉर्क : अंतर एक, वेळा अनेक

चाळीसगावहून रेल्वेने मुंबई सुमारे 330 किलोमीटर आहे आणि रूळ जागचे हलत नसल्यामुळे हा आकडा वर्षानुवर्षे तोच राहतो. परंतु मुंबईहून पुढे न्यूयॉर्कला विमानाने जायचे म्हटले, की दोन विमानतळांमधील अंतर, प्रत्यक्ष कापलेला मार्ग आणि लागणारा वेळ असे तीन वेगळे हिशेब मांडावे लागतात.

यांपैकी पहिला हिशेब निव्वळ भूमितीचा आहे. गोलाच्या पृष्ठभागावरील दोन बिंदूंमधून जाणारे आणि गोलाच्या मध्याशी केंद्र असणारे जे वर्तुळ, त्याला बृहद्वृत्त म्हणतात आणि त्याचा लहान कंस हाच त्या बिंदूंमधील सर्वांत जवळचा मार्ग होय. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून मुंबई–न्यूयॉर्क रेघ ओढली, तर ती अरबस्तान, इजिप्त, मोरोक्को अशी जाते आणि सुमारे 14,200 किलोमीटर भरते. बृहद्वृत्त मात्र सिंध, अफगाणिस्तान, मॉस्कोचा परिसर, नॉर्वे आणि आइसलँड असे उत्तरेला चढून सुमारे 12,500 किलोमीटरांतच न्यूयॉर्कला पोचते.

हा विचार चाळीसगावच्या परिसराला परका नाही. जवळच्या पाटण येथील इ.स. 1207 च्या शिलालेखात भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापन केल्याची नोंद आहे. त्यांपैकी ‘सिद्धान्तशिरोमणी’ या 1150 मधील ग्रंथात दक्षिणोत्तर रेषेवरील दोन नगरांमधील अंतर आणि त्यांच्या अक्षांशांतील फरक घेऊन साध्या त्रैराशिकाने पृथ्वीचा परिघ काढण्याची रीत दिली असून तो परिघ 4967 योजने सांगितला आहे. परिघाचा शंभरावा भाग सपाट भासतो, म्हणून माणसाला पृथ्वी सपाट वाटते, हे त्यातील स्पष्टीकरण भिंतीवरच्या नकाशाने होणाऱ्या फसगतीलाही चपखल लागू पडते.

पण बृहद्वृत्ताच्या रेषेवरून विमान हुबेहूब जात नाही. कोणत्या देशाचे आकाश खुले आणि कोणते बंद, यावर मार्ग ठरतो. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या अनेक उड्डाणांना मोठा वळसा पडला.

वेळेचा हिशेब याहून चंचल आहे. ताशी 900 किलोमीटर वेगाने 12,500 किलोमीटरांना सुमारे चौदा तास लागावेत. परंतु साधारण दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे धावणारा जेट स्ट्रीम हा अतिवेगवान वाऱ्याचा पट्टा न्यूयॉर्कला जाताना समोरून आणि परतताना पाठीमागून लागत असल्यामुळे जाण्याला येण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. ऑक्टोबर 2016 मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी प्रशांत महासागरावरून नेले, तेव्हा मार्ग सुमारे 1,400 किलोमीटरांनी वाढून 15,300 किलोमीटरांवर गेला आणि तरीही वाऱ्याच्या जोरावर प्रवास जुन्या मार्गापेक्षा लवकर, साडेचौदा तासांत संपला.

तिकिटावरील वेळांची नुसती वजाबाकी करणाऱ्याची आणखी एका ठिकाणी गल्लत होते, कारण सुटण्याची वेळ मुंबईच्या घड्याळाची आणि पोचण्याची न्यूयॉर्कच्या घड्याळाची असते, आणि त्या दोन घड्याळांतील फरक हिवाळ्यात साडेदहा तासांचा, तर अमेरिकेत उन्हाळी वेळ लागू असताना साडेनऊ तासांचा असतो.